समारोपात नापास

स्वतःचं बोलणं आवरता न येणारी माणसं घरोघरी असतात, पण दुसऱ्याचं बोलणं संपलेलं जिला सहन होत नाही अशी व्यक्ती मी उभ्या नाशकात एकच पाहिली. सिडकोतल्या आमच्या कौटुंबिक समुपदेशन केंद्रातल्या त्या सर्वांत जुन्या समाजकार्यकर्त्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणत असू. त्या रिक्षात बसल्या की रिक्षावाला मुलीच्या सोयरिकीवर यायचा, आणि घर आलं तरी ताई उतरायच्या नाहीत, कारण सोयरीक अर्धवट राहिलेली असायची. एकदा सटाण्याकडच्या कोणा शेतकऱ्याने खतांचं दुकान समजून त्यांना फोन लावला. खत राहिलं बाजूला, पण भावाशी तुटलेलं त्याचं बोलणं महिन्याभरात जुळलं. "नंबर चुकना, पन बरं जायं ताई," चुकलं ते बरंच झालं, असं आपल्या अहिराणीत म्हणत तो दर हंगामाला डाळिंबं पाठवू लागला. ती आम्हीच खायचो, त्यामुळे या सवयीबद्दल तक्रार करायला आम्हाला तोंड नव्हतं.

त्यांना दुसरा नाद शिकण्याचा. पदवी घेऊन जन्म लोटला होता, तरी समाजकार्यकर्त्यांचा उजळणी वर्ग निघाला की ताई पहिल्या रांगेत. शिकवायला आलेल्या तज्ज्ञांना मात्र त्यांचा धसका असे. ताण व्यवस्थापनावर बोलायला आलेले एक गृहस्थ चहाच्या सुट्टीत ताईंच्या तावडीत सापडले आणि स्वतःच्या सासऱ्यांविषयी सांगता सांगता रडले. दुपारचं सत्र त्यांनी घेतलंच नाही. ताई म्हणाल्या, "फार चांगला वर्ग झाला हो."

पण गेल्या वर्षीचा वर्ग वेगळा होता. केंद्राला पैसा देणाऱ्यांनी अट घातली, की यापुढे शेवटच्या चाचणीत जो पास होईल त्यालाच समुपदेशनाची खोली मिळेल, बाकीच्यांनी बाहेर चौकशीच्या टेबलावर बसायचं. आणि चाचणी कशाची, तर समारोपाची. पाऊण तासात बोलणं गुंडाळायचं, दुसऱ्या दिवशीची वेळ द्यायची, मदतीचा फोन नंबर द्यायचा आणि थांबायचं. ताईंना पोहायला सांगितलं असतं तर त्या एक वेळ पोहल्या असत्या. आदल्या दिवशी केंद्राला कुलूप लावताना त्या म्हणाल्या, "निवृत्तीला आता एखादंच वर्ष राहिलंय. तेवढे दिवस तरी खोली राहू दे. टेबलावर बसून मी कोणाला नुसता पत्ता सांगू?" त्यांचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

चाचणीत त्यांच्यासमोर मदत मागायला आलेला माणूस म्हणून परीक्षकबाईंनी नेमकं मला बसवलं. मी सातपूरच्या कंपनीतून कमी केलेला कामगार. घरी सांगितलेलं नाही, रोज डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी परतायचं. जगण्यात राम नाही असं सुचवायचं आणि शेवटपर्यंत बधायचं नाही, अशी मला सूचना होती. सूचनेचा कागद मी पुन्हा एकदा वाचला. अंबडची त्यांची कंपनी बंद पडल्यावर माझे वडील किती तरी महिने असेच घराबाहेर पडत होते, आणि हे मी केंद्रात कोणालाच सांगितलं नव्हतं.

सुरुवात ताईंनी छान केली. घड्याळाकडेही एकदोनदा पाहिलं. मला हायसं वाटलं. मग त्यांनी एकदम विचारलं, "आज डब्यात काय दिलं होतं?"

हे मला कोणी पढवलं नव्हतं. मी म्हणालो, "शेपूची भाजी."

"खाल्ली?"

"नाय. नाय जात घशाखाली."

"मग तिचं काय करता?"

वडील ती भाजी कुत्र्यांना घालत, आईने एकदा लांबून पाहिलं होतं. पाऊण तास संपत आला होता. परीक्षकबाईंनी घंटीवर हात ठेवला. मी घाईघाईने सूचना मोडली आणि म्हणालो, "ताई, उद्या नक्की येतो. जिवाचं काही करून घेणार नाही, शब्द देतो."

ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे तुम्ही बोलताय, मला पास करायला. ते कामगार अजून काही बोललेले नाहीत."

घंटी वाजली. "मॅडम, वेळ संपला," परीक्षकबाई म्हणाल्या. ताईंनी मान वळवली नाही. "तुम्हाला घाई असेल तर तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. पुन्हा घंटी वाजली. मी डोळ्यांनी त्यांना विनवत होतो, की आता पुरे, खोली जाईल. आणि माझ्याच तोंडून निघालं, "घरी सांगायला माझ्याबरोबर कोणी येईल का?"

"येते ना," ताई म्हणाल्या. उठल्या, पर्स खांद्याला लावली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि माझी वाट पाहत उभ्या राहिल्या. थोडा वेळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ही चाचणी आहे, जायला घरच नाही. मग त्यांनी चपला काढल्या आणि परत येऊन बसल्या. "समारोप झालेला नाही," एवढंच परीक्षकबाई म्हणाल्या. नियमाप्रमाणे ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी बस थांब्यावर ताईंनी मला विचारलं, "शेपूचा तो डबा वडिलांचा ना? त्यांना घरी सांगता आलं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "आईला माहीत होतं. तीही बोलली नाही. वडील तसेच गेले." बस आली, आणि ताईंनी ती सोडली. पुढचीही सोडली.

आता ती खोली माझ्याकडे आहे. मी पास झालेला माणूस आहे, वेळेत समारोप करतो, दुसऱ्या दिवशीची वेळ आणि फोन नंबर न चुकता देतो. ताई बाहेर टेबलावर बसतात, पुढच्या महिन्यात तेही संपेल. समोरचा माणूस आभार मानून उठतो आणि दाराकडे चालू लागतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्याच्याबरोबर घरापर्यंत कोणी तरी जायला हवं, हे मला कळत असतं, आणि मी पुढच्या माणसाला आत बोलावतो.