अर्डिसच्या बारमधला पंच

नॉर्बर्ट झेलिन्स्कीने उभं आयुष्य शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, पण विस्कॉन्सिनमधलं ते छोटं गाव त्याला ओळखत होतं ते पंच म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, सामना असला की तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवून मैदानात उभा राही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि शिट्टी सुटली. मग बायको, इर्मा, गेली. उरला रविवार आणि अर्डिसचा बार.

रविवारी मोठ्या, व्यावसायिक संघांचा सामना टीव्हीवर लागे. वाद पेटला की मालकीण अर्डिस आवाज बंद करी. "थांबा रे, नॉर्बला बोलू द्या." नॉर्ब घसा साफ करून निकाल देई आणि तो शेवटचा असे. लांब पासाच्या वेळी झेलणाऱ्याला कोणी अडवलं की नाही, हा प्रश्न तर हटकून त्याच्याकडे येई. तेवढ्यासाठी तो आठवडा ढकलत असे, असं म्हटलं तरी चालेल.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आपला संघ मागे होता. शेवटच्या मिनिटात लांब पास गेला. आपला गडी झेलायला हात वर करून तयार, आणि त्यांचा राखणारा चेंडूकडे न बघताच त्याच्या तोंडापुढे दोन्ही हात नाचवतोय. चेंडू निसटला. पंचांनी फाऊलचा पिवळा रुमाल टाकलाच नाही. सामना हातचा गेला.

"फाऊल," नॉर्ब म्हणाला. "शंकाच नको. तोंडापुढे हात नाचवले म्हणजे फाऊल. चेंडू पंधरा यार्ड पुढे."

"चोर लेकाचे," कोणीतरी म्हणालं, आणि सगळा बार पंचांच्या नावाने बोटं मोडू लागला. इर्माचा भाऊ क्लेटन याने टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवरही पंचांना शिव्या बसतात का, ते त्याला ऐकायचं होतं. पण टीव्हीवरचा जाणकार शांतपणे सांगत होता की अंगाला स्पर्शच झाला नाही, तेव्हा फाऊल नाही. मोठ्या संघांच्या खेळात हात नाचवायला मोकळीक आहे. आणि फाऊल असताच, तर तो जिथे घडला तिथे चेंडू ठेवला असता, पंधरा यार्डांवर नव्हे.

"म्हणजे दोन्ही चुकलं की रे," क्लेटन म्हणाला.

"शाळेत असाच नियम आहे."

"होता," अर्डिस ग्लास पुसत म्हणाली. "माझा भाचा खेळतो ना. तिथेही हात नाचवण्याचं काढून टाकलंय म्हणे."

नॉर्ब तळलेलं चीज तसंच टाकून घरी गेला. आठवडाभर तो डोक्यातले नियम वेगळे करत बसला. हा शाळेचा, हा कॉलेजचा, हा मोठ्यांचा. आणि हा चौथा कुणाचा, की आपल्याच मनाचा? इतक्या रविवारी दिलेल्या निकालांतले चुकीचे किती, आणि कोणते? बसच्या इंजिनातली वायर त्याला अंधारातही सापडे. इथे सगळ्या वायरी एकाच रंगाच्या होत्या. यापुढे आपल्याला कोण विचारणार?

पुढच्या रविवारी तो बराच वेळ बाहेर गाडीतच बसून राहिला. शेवटी आत गेला. त्याचं नेहमीचं स्टूल कोणी घेतलं नव्हतं.

सामना रंगात आला असताना लांब पास गेला. या वेळी राखणारा आपला होता. दोघंही चेंडूकडे बघत खांद्याला खांदा लावून पळाले, पायात पाय अडकले आणि दोघंही आडवे. पिवळा रुमाल पडला तो आपल्यावर, आणि चेंडू पार चाळीस यार्ड पुढे गेला. सवयीने अर्डिसने आवाज बंद केला.

"मला नाही सांगता येत," नॉर्ब म्हणाला.

"सांगता येत नाही म्हणजे?" अर्डिसने विचारलं.

"कळत नाही. पाय अडकले की पाडलं? दोघंही चेंडूकडेच बघत होते. तसं असेल तर माफ, असं मला वाटतं. पण मागच्या वेळी मला काय वाटलं होतं ते पाहिलंत ना." त्याने टोपी उचलली.

"ठेव ती खाली," क्लेटन म्हणाला. "चल, करून बघू. तू झेल, मी राखतो. अर्डिस, काहीतरी फेक."

"बाटली?"

"फडकं फेक, बये."

दोघं म्हातारे गाण्याच्या मशीनपासून संडासाच्या दारापर्यंत पळाले. पळाले म्हणायचं आपलं. मध्ये क्लेटनचं कोपर, नॉर्बचा गुडघा आणि एक खुर्ची असं सगळं एक झालं, आणि दोघं जमिनीवर बसले. फडकं भलत्याच्याच बिअरमध्ये पडलं.

"फाऊल," अर्धा बार म्हणाला.

"कसला फाऊल? ते फडकं त्याच्या हाती येण्यासारखं होतं तरी का?"

"आधी नॉर्बनेच पाय घातला."

"अरे, त्यालाच विचारा. नॉर्ब, कोणी कोणाला धरलं?"

नॉर्बने मनापासून आठवून पाहिलं. "क्लेटनने मला." मग त्याला दिसलं की क्लेटनची कॉलर आपल्या मुठीत आहे. ती केव्हा आली, देव जाणे. "की मी क्लेटनला?"

"बघा," क्लेटन जमिनीवरूनच म्हणाला. "स्वतः केलेला फाऊलसुद्धा कळत नाही याला."

बार हसत सुटला, आणि वाद पुन्हा सुरू झाला. टीव्हीवर मुका सामना चालूच होता. नॉर्बने कॉलर सोडली, गुडघा चोळला, काउंटरला धरून कसाबसा उभा राहिला.

"अर्डिस," तो म्हणाला, "परत फेक. जरा उंच."