यात्रेला आलेल्या गोचिडी

नवेगाव बांधच्या सुमित्राबाईंनी पंचवीस वर्षं जंगलात मजुरी केली. तेंदूपानं तोडली, वणवा अडवायला जाळरेषा काढल्या, रोपवाटिकेत पिशव्या भरल्या. शाळा चौथीपर्यंत. महाशिवरात्रीला जवळच्याच प्रतापगडच्या पायथ्याशी भरणाऱ्या यात्रेत त्या फुटाणे-मुरमुऱ्यांचं दुकान लावत. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, २०१२च्या पावसाळ्यात, त्यांच्या हाती नवंच काम आलं. गवतावरून कापड ओढायचं.

काम दिलं नागपूरहून आलेल्या रीना मॅडमनी. त्या जनावरांच्या डॉक्टर. गाई-बैलांचं रक्त पिऊन ताप पसरवणारी गोचिडीची एक जात जिल्ह्यात पश्चिमेकडून पुढे सरकत होती. ती पुढच्या वर्षी कुठल्या गावात पोचेल आणि पोचली तर तिथं टिकेल का, हे आधीच सांगता यावं म्हणून मॅडमनी संगणकावर नकाशा केला होता. जिल्ह्याचे चौकोन पाडलेले. गोचीड सापडलेला चौकोन लाल, यायची शक्यता असलेला पिवळा, नसलेला पांढरा. पाऊस, ऊन, गवत यांचे आकडे घातले की संगणक रंग भरायचा. ते रंग खरे की खोटे, हे सुमित्राबाईंच्या कापडावरून कळणार होतं.

काठीला बांधलेलं मीटरभर पांढरं मऊ कापड. वीस पावलं ओढायचं, उलटवायचं, चिकटलेली पिल्लं मोजून चिमट्यानं बाटलीत टाकायची. पिल्लं खसखशीएवढी. मॅडमना भिंग लागायचं, सुमित्राबाईंना नाही.

दोन महिन्यांत लाल चौकोनांशेजारचे पिवळे चौकोन एकेक करून लाल झाले. न पाहिलेल्या गावातलं गवत हे यंत्र कसं ओळखतं, या विचारानं सुमित्राबाईंना भूक लागेना. घरी सून रीता जेवायला हाका मारायची आणि सासूबाई अंगणात काडीनं चौकोन आखत बसायच्या.

ऑक्टोबरात त्या प्रतापगडजवळच्या गावी, भाऊ उदारामकडे गेल्या. कापड सोबत होतंच. नकाशावर ते गाव पांढरं होतं, म्हणजे काही सापडायला नको. यात्रेच्या मैदानात त्यांनी सहज वीस पावलं कापड ओढलं आणि उलटवलं. खसखस सांडावी तसं कापड भरलं होतं. मोजल्या तर एकशे चाळीस. त्यांनी लगेच फोन लावला.

"मॅडम, पांढऱ्या चौकोनात निघाल्या."

"कापडावर आधीच्याच राहिल्या असतील, सुमित्राबाई."

"कापड मी उकळून धुतलं होतं. तुमी या. मी बाटली भरून ठेवून राहिली."

दुसऱ्या दिवशी रीना मॅडम जीप घेऊन आल्या. गोचीड तीच होती. मग दोघींनी लाल चौकोन आणि हे मैदान यांच्यामधली चार गावं चार दिवसांत पालथी घातली. एकाही गावात एकही पिल्लू नाही. मॅडम उदारामच्या ओसरीवर डोकं धरून बसल्या. त्यांच्या हिशेबात गोचीड एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात जायची. मधली गावं सोडून ती इथं आली कशी?

सुमित्राबाईंनाच ते लख्ख दिसलं. त्या म्हणाल्या, "गोचीड का पायानं येते, मॅडम? ढोराच्या आंगावर बसून येते. शिवरात्रीले तुमच्या त्या लाल गावातल्या बैलबंड्या इथंच सुटतात. तीन दिवस बैल इथंच बसून राह्यतात."

मॅडम एकदम ताठ बसल्या. रक्त पिऊन फुगलेली मादी बैलावरून गळते आणि गवताच्या बुडाशी हजारो अंडी घालते. बैल घरी जातात, अंडी मैदानात राहतात. पुढं त्याच मैदानात गावची ढोरं चरायला येतात.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी?"

मग ओसरीवर नुसती धांदल उडाली. दुकानामुळे सुमित्राबाईंना गिऱ्हाईक गावानिशी माहीत होतं. कोणत्या गावची बंडी, म्हणजे बैलगाडी, कोणत्या वाटेनं येते, बैल कुठं पाणी पितात, कुठं विसावा घेतात, त्या सांगत गेल्या आणि मॅडम आकडे भरत गेल्या. संगणकानं नवा नकाशा काढला. लाल चौकोनांपासून दूर, बंड्यांच्या वाटेवरचे तीन पांढरे चौकोन पिवळे झाले. तिन्ही ठिकाणी बंड्यांचा विसावा होता.

सुमित्राबाईंनी मधल्यावर बोट ठेवलं. "इथं नाई होत. धानाच्या बांध्या हायत. पाणी साचते, अंडे सडून जातील."

"संगणक म्हणतो, होतील."

"पाहू मंग."

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात दोघी निघाल्या. पहिल्या विसाव्यावर दुसऱ्याच खेपेला कापडावर साठ पिल्लं. सुमित्राबाई हसत हसत चिखलातच बसल्या. मधल्या ठिकाणी कापड भिजून जड झालं, पण गोचीड एकही नाही. पायजमा वर खोचून मॅडम बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरल्या आणि पट्टीनं पाणी मोजू लागल्या. नकाशात आता साचणारं पाणीही घालायचं होतं. तिसऱ्या विसाव्यावर गवतात पिल्लं होतीच, गावातल्या वासरांच्या कानांतही गोचिडी लोंबत होत्या.

वाट कळली म्हणजे ती अडवताही येणार. २०१४च्या शिवरात्रीला जनावरांच्या दवाखान्याची माणसं फवारणीचे पंप घेऊन विसाव्यांवर उभी राहिली. सुमित्राबाईंनी त्या वर्षी दुकान सुनेकडे सोपवलं. नंदलाल नावाचा बंडीवाला अडून बसला. "देवाले जाऊन राहिलो बाई, दवाखान्यात नाई."

सुमित्राबाईंनी त्याच्या बैलाच्या शेपटीखालून टम्म गोचीड उपटली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "हिले कायले दर्शनाले आणलं?"

नंदलालनं पंपापुढं बैल धरले.

त्या पावसाळ्यात यात्रेच्या मैदानात एकशे चाळिसाच्या जागी अकरा पिल्लं निघाली. विश्वास बसेना म्हणून सुमित्राबाईंनी तीनदा कापड ओढलं. तिसऱ्या विसाव्यावर मात्र संख्या घटली नव्हती, वाढलीच होती. तिथं गोचीड नुसती आली नव्हती, गावच्या ढोरांवर ती टिकली होती.

"इथं उशीर झाला," मॅडम म्हणाल्या.

"झाला तर झाला. आता या गावचे ढोरं कुठी कुठी जातात, ते पाहा लागते," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी चरायला निघालेल्या कळपाकडे पाहिलं, कापडाची काठी उचलली आणि ढोरांच्या मागं चालू लागल्या. मॅडम नकाशा उघडेपर्यंत त्या नाल्याच्या पलीकडे पोचल्या होत्या.