पळा म्हणतोय तो

दिल्लीत उतरल्यावर मी पहिली पाटी वाचली ती 'यातायात पुलिस' अशी. ह्यांना म्हटलं, "बघा, इथे यातायातीसाठी वेगळे पोलीस लागतात. कुठे आणून ठेवलंत हो मला!" हिंदीत यातायात म्हणजे साधी वाहतूक, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तेव्हा मी रागावलेलीच असायची, आणि राग आलेला असताना असं काही हाताला लागलं की माझ्याच्याने सोडवत नाही.

राग कशाचा, तेही सांगते. लातूरला मी शाळेत गणित शिकवत होते. कायम नोकरी, घरापासून चालत दहा मिनिटं, आणि दहावीच्या वर्गात माझा असा धाक की फळ्याकडे तोंड असलं तरी मागे कोणी हूं की चूं करत नसे. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच ह्यांची बदली दिल्लीच्या ऑफिसात झाली. मी वर्षभराची बिनपगारी रजा टाकून आले. ठरलं असं होतं, की वर्षाच्या आत इथे नोकरी मिळाली तर राहायचं. नाही मिळाली तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी परत जायचं. मग हे इकडे, मी तिकडे, आणि भेट दिवाळीला नाहीतर उन्हाळ्यात. नुसतं घरात बसून राहणं मला जमणार नव्हतं, आणि ते ह्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं.

ह्यांनी "जाऊ नकोस" असं एकदाही म्हटलं नाही. स्वभावच तसा, मुलखाचा भिडस्त. पण मे महिना लागला तसे ऑफिसातून आल्यावर चहा निवायच्या आत कात्री घेऊन बसायचे आणि वर्तमानपत्रातल्या शाळांच्या जाहिराती कापून माझ्यापुढे ठेवायचे. मी बघायची आणि बाजूला ठेवायची. आठ-दहा ठिकाणी जाऊन आले होते. कुठे माझं हिंदी ऐकून हसू दाबलं, कुठे इंग्रजी. भागाकार कोणत्याही भाषेत तोच येतो, पण हे सांगायचं कुणाला?

शेवटची जाहिरात गुडगावची निघाली. तेव्हाचं गुडगाव म्हणजे चुन्याने आखलेले प्लॉट, मधूनच एखादी काचेची इमारत आणि तिच्या सावलीत बसलेल्या म्हशी. नवी वसाहत उभी राहत होती, तिच्यात नवी शाळा निघणार होती. मुलाखत अकरा वाजता. आमचं सरकारी क्वार्टर आर. के. पुरमला. बस कधी मिळेल, कुठे सोडेल याचा भरवसा नाही, म्हणून मोटारसायकलवरून जायचं ठरलं. लातूरहून रेल्वेने आणलेली ती गाडी आमचा तिथला एकमेव गाववाला होती.

त्या गाडीमुळेच दिल्लीच्या रस्त्यावरचे मोटारसायकलवाले आम्हाला भेटत गेले. भेटत गेले म्हणजे काय, शेजारून जाता जाता काहीतरी सांगून पुढे जायचे. पहिल्या आठवड्यात एकाने समोरून येताना मूठ उघडमीट करून दाखवली. ह्यांना वाटलं ओळखीचा असेल, ह्यांनीही तस्संच करून टाटा केला. असे सात-आठ टाटा झाल्यावर कळलं, की दिवसाउजेडी आमचा दिवा चालू होता. मग एकदा एक सरदारजी बरोबरीने येऊन "स्टँड! स्टँड!" असं ओरडायला लागले. ह्यांनी मोठ्या अदबीने सांगितलं, "सीधा जाके लेफ्ट. बस उधरसेच मिलेगी." सरदारजींनी कपाळाला हात लावला, आम्हाला थांबवलं, आपल्या पायाने आमच्या गाडीचा खाली राहिलेला स्टँड वर केला आणि "जीते रहो" म्हणून निघून गेले. मी इतकी हसले की मला उतरून फुटपाथवर बसावं लागलं.

पेट्रोल संपलं तेव्हा तर एका माणसाने स्वतःच्या गाडीवर बसल्या बसल्या आमच्या गाडीच्या फूटरेस्टला पाय लावला आणि आम्हाला थेट पंपापर्यंत ढकलत नेलं. सगळा वेळ हे आणि तो आपल्या आपल्या साहेबांबद्दल तक्रारी करत होते. पंप आल्यावर पाय काढून घेतला आणि गेलासुद्धा, आभार मानायला सवड दिली नाही. मला मनातून ही माणसं आवडायला लागली होती. पण ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी उलटंच भरवून ठेवलं होतं. हायवेवर कोणी मोटारसायकलवाला हात करून थांबवायला लागला, तर थांबायचं नाही. गाडी सोडायची सुसाट.

मुलाखतीच्या दिवशी मी नारायणपेठी नेसले. मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल. लू सुटली होती, त्या गरम वाऱ्याने कानशिलं भाजत होती, म्हणून पदर डोक्यावरून घेऊन गळ्याला एक वेढा दिला आणि टोक मांडीखाली दाबलं. महिपालपूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोकत होते. हे नेहमीप्रमाणे बैलगाडीच्या चालीने चालले होते.

तेवढ्यात मागून खडखडाट ऐकू आला. वळून बघते तर एक दूधवाला. दोन्ही बाजूंना मोठाले रिकामे कॅन टांगलेले, भरघोस मिश्या, डोक्याला पंचा. सकाळचं दूध दिल्लीत घालून गावाकडे परत चालला असावा. एक हात हवेत नाचवत तो आमच्याकडे बघून ओरडत होता, "पळा! पळा!"

मी ह्यांचा खांदा हलवला. "अहो, पळा म्हणतोय तो!"

"कोण मागे लागलंय?"

"मला काय माहीत! तुम्ही आधी पळा!" आणि मी ह्यांच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली.

हरियाणातला दूधवाला मराठीत कशाला ओरडेल, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. मी गणिताची बाई, दुसऱ्यांच्या पोरांना "आधी विचार कर, मग उत्तर दे" असं सांगत आयुष्य घालवलेलं. हे तर काय, मी म्हटलं की करणारे. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा गाडी अशी पिळली की माझी फाइल उडता उडता राहिली. मागचा खडखडाटही वाढला. तो आणखी जोराने ओरडत होता, आणि मी आणखी जोराने गुद्दे घालत होते.

मग माझ्या गळ्याला हिसका बसला.

दूधवाला त्याच क्षणी आम्हाला ओलांडून आडवा आला. ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती मला मागे ओढूनच. श्वास अडकला, डोळ्यांपुढे पांढरं झालं. पुढचं कळलं ते एवढंच, की तो माणूस गाडी तशीच टाकून धावत आला, गळ्याभोवतीच्या वेढ्यात त्याने दोन्ही हातांची बोटं घातली आणि कापड टर्रकन फाडलं. मला श्वास घेता आला. मी रस्त्याच्या कडेला मातीत बसले.

"पल्ला!" तो धापा टाकत मला म्हणाला आणि उरलेला पदर दाखवला. मांडीखालून कधी निसटला होता कोण जाणे. सगळा चाकात आणि चेनमध्ये गुंडाळून काळा झालेला. "कब से चिल्ला रहा हूँ, बहनजी, पल्ला! पल्ला! और आप भागे जा रहे हो!"

पल्ला म्हणजे पदर. तो पदर सांभाळा म्हणत होता आणि आम्ही मरणाच्या दिशेने गाडी पळवत होतो, तीही माझ्या हुकमाने.

ह्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. दूधवाल्याने मागच्या चाकापाशी बोट नेऊन विचारलं, "इसकी जाली कहाँ है?" साडी चाकात जाऊ नये म्हणून जी जाळी असते, ती रेल्वेतून गाडी येताना मोडली होती, आणि हे आठ महिने "बसवतो, बसवतो" म्हणत होते. ह्यांनी मान खाली घातली. मी एरवी अशा वेळी काय काय बोलले असते! पण तो चेहरा बघून मी आपलं घड्याळ बघितलं.

घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. चेन काढल्याशिवाय चाक फिरणार नव्हतं. मी दूधवाल्याला माझ्या त्या हिंदीत सांगितलं, की अकरा वाजता मुलाखत है, और ये नौकरी नहीं मिली तो मेरेको गाँव वापस जाना पडेंगा. हे ऐकून त्याने क्षणभर ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपले कॅन एकेक करून उतरवले, रस्त्याच्या कडेला ओळीने मांडले आणि ह्यांना म्हणाला, "बाबूजी, ये आपके हवाले। बहनजी को मैं छोड़ के आता हूँ।"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. परक्या माणसाच्या गाडीवर मी कधी बसले नव्हते. पण ज्याने गळ्याचा फास काढला, त्याला परका कसं म्हणायचं? मी बसले. त्याने डोक्याचा पंचा काढून माझ्या हातात दिला, म्हणाला, खांद्यावर घ्या, आणि दोन्ही टोकं कमरेला घट्ट बांधा. बांधली की नाही ते वळून दोनदा बघितलं, मगच गाडी सुरू केली. आणि ह्यांच्यापेक्षाही हळू चालवली, अगदी डोक्यावर उतरंड असल्यासारखी. मी म्हटलं, "भैया, थोडा जल्दी." तो म्हणाला, "जल्दी आप देख चुके हो."

शाळेत पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अर्धवट फाटलेली साडी, खांद्यावर दुधाचा वास येणारा पंचा, गळ्यावर लाल वळ, हातांना ग्रीस. टेबलामागे तिघं बसलेली. मधल्या बाई वयस्कर होत्या, त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग विचारलं, काय झालं. माझी घोकलेली इंग्रजी वाक्यं केव्हाच हवेत गेली होती. मी हिंदीत, मराठीत, जे तोंडाला येईल त्यात सगळं सांगून टाकलं. पळा आणि पल्ला ऐकून तिघंही पोट धरून हसली. या वेळी कोणी हसू दाबलं नाही, आणि का कोण जाणे, मला त्याचा राग आला नाही. मग बाईंनी खडू दिला आणि अपूर्णांकांचा भागाकार शिकवून दाखवा म्हणाल्या. फळ्यापुढे उभी राहिले आणि लातूरच्या वर्गात असल्यासारखी शिकवायला लागले. तेवढं एक मला येतं. पाऊण तासाने त्यांनी सांगितलं, एक जुलैपासून या.

दूधवाला फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभा होता. मला वाटलं होतं तो केव्हाच गेला असेल. "हुआ काम?" मी म्हटलं, "हुआ. एक तारीखसे बुलाया." तो इतका खूश झाला, जणू त्याच्या सख्ख्या बहिणीला नोकरी लागली. परत येताना मी एकच विचार करत होते, की ह्यांना कसं सांगायचं. लगेच सांगायचं नाही, जरा तोंड पाडून उभं राहायचं, थोडा जीव टांगणीला लावायचा. आठ महिने जाळी बसवली नाही ना? मग भोगा!

हे त्या कॅनांच्या ओळीपाशी उन्हात उभे होते, एका कॅनवर हात ठेवून. दिलेली वस्तू सांभाळायची म्हणजे सावलीतसुद्धा जायचं नाही, असा हा माणूस. गाडीची चेन निघाली होती, साडीच्या चिंध्या काढून त्यांनी नीट घडी करून ठेवल्या होत्या. मी उतरले आणि ठरल्याप्रमाणे तोंड पाडणार, तेवढ्यात हेच बोलायला लागले.

"तू लातूरला जा," म्हणाले. "मी उभा राहून हाच विचार केला. आज संध्याकाळी तिकीट काढतो. मला इतके महिने वाटत होतं तू इथे राहावीस, तुला बोललो नाही, पण रोज वाटत होतं. आता नको. तिकडे चालत शाळेत जाशील, चालत घरी येशील. लांब राहिलीस तरी चालेल गं मला. नुसती राहा."

आणि भर हायवेवर, उन्हात, हा भिडस्त माणूस ढसाढसा रडायला लागला.

तोंड पाडायचं तर राहिलंच, उघडताही येईना. दूधवाल्याला मराठीचं अक्षरही कळलं नव्हतं. त्याने घाबरून आधी माझ्याकडे बघितलं, मग पुढे होऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे बाबूजी, रोते क्यों हो? लग गई नौकरी! यहीं रहेगी बहनजी।"

ह्यांनी डोळे पुसायचे सोडून माझ्याकडे बघितलं. खरं का, असं विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "राहते मी."