बोटभर बाहेर आलेलं चाक

मिलिंद गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. आवाज स्थिर होता. "या तुम्ही, पण सावकाश चालवत या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सूसहून भुकूमला पोचायला नेहमीसारखाच वेळ लागला. रस्त्यावर नेहमीसारखीच वाहनं अडकली होती. मिलिंदच्या शेवटच्या दोन वर्षांविषयी लिहायचं तर अडकणं हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तो टाळायचं काही कारण नाही. मोटर न्यूरॉनच्या आजारानं आधी त्याची बोटं गेली, मग पाय, मग जीभ. शेवटी डोळे तेवढे राहिले. डोक्याला मात्र आजारानं हात लावला नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तो सगळं ऐकत, सगळं समजून घेत पडून होता.

आमची ओळख कॉलेजातली. पुढे मी बातमीदारीत गेलो आणि तो एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागात. धावत्या गाडीचा टायर मुद्दाम फोडायचा आणि गाडी कुठे जाते ते पाहायचं, हे त्याचं काम. चाकाला लहानसा स्फोटक तुकडा बांधलेला असे आणि स्टिअरिंगवर हा बसलेला असे. एकदा पौडला चहा पिताना मी विचारलं, की टायर फुटल्यावर एक गाडी उलटते आणि दुसरी सरळ थांबते, हे कसं? त्यानं टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून एक लांबट ठसा काढला. "हा टायर जमिनीला टेकतो ती जागा. आता चाक ज्या रेषेभोवती वळतं, ती रेषा सस्पेन्शनमधून खाली ओढत जमिनीपर्यंत आण. ती ठशाच्या बाहेरच्या अंगाला टेकली, तर फुटलेलं चाक गाडीला एका बाजूला ओढतं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला वळतं. म्हणजे सावरतं. तीच रेषा आतल्या अंगाला टेकली, तर चाक ओढ लागेल तिकडेच वळतं आणि स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतं. सगळा खेळ बोटभर अंतराचा." मग हसून म्हणाला, "हे छापू नकोस. तुझे वाचक टायरात हवा भरत नाहीत, रेषा कुठली बघतायत?"

अशी टोचून बोलायची त्याला सवय होती, आणि तिचा सगळ्यात मोठा वाटा मेहुण्याला, प्रशांतला मिळे. प्रशांत जवळच्याच चांदे गावचा. हिंजवडीतल्या कंपन्यांना गाड्या पुरवतो. त्याला मोठे हॉर्न, रंगीत दिवे, काचेवरची अक्षरं यांची हौस. "प्रशांत, तुझ्या स्टिकरांना गाडी चिकटवलीय की गाडीला स्टिकर?" मिलिंद भर जेवणात विचारी. प्रशांतही ऐकून घेणारा नव्हता. "दाजी, तुमी गाड्या फोडायचा पगार घेता, आमी चालवून खातो." दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललेलं. हे इथे सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात या चेष्टेचा हात होता.

मिलिंदचं बोलणं पूर्ण थांबल्यावर वहिनी अक्षरांच्या तक्त्यावरून बोट फिरवत आणि तो हव्या त्या अक्षरावर नजर वर करी. हो म्हणायला नजर वर, नाही म्हणायला डोळे बंद. चार शब्दांत तो थकून जाई. वहिनी पौडच्या शाळेत शिक्षिका. मिलिंदची गाडी आता त्याच चालवत होत्या, रोज पिरंगुटचा घाट ओलांडून. बहीण एकटी घाटातून जाते याची प्रशांतला काळजी वाटे. म्हणून मिलिंदच्या वाढदिवसाला त्यानं न सांगता गाडी नेली आणि मूळची चाकं काढून रुंद अलॉय चाकं बसवून आणली. बॉनेटवर हार घातला, मिलिंदला चाकांच्या खुर्चीतून खाली पार्किंगमध्ये आणलं. मी तिथे होतो. "बघा दाजी, कशी दिसतिया! रुंद टायर हाय, रस्ता कसा पकडून चालंल." मिलिंदची नजर पुढच्या डाव्या चाकावर गेली आणि तिथेच थांबली. टायर मडगार्डच्या बाहेर बोटभर आला होता. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, डोळ्यांत पाणी आलं. "ताई, बघ, दाजी रडायला लागले," प्रशांत म्हणाला, आणि स्वतःचेही डोळे पुसले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मिलिंदनं गाडीत बसायला नकार दिला. दवाखान्यात न्यायची वेळ आली की डोळे घट्ट मिटून घेई. वहिनींनी तक्ता धरला तेव्हा त्यानं अक्षरं जुळवली... चाकं काढ. दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनींना वाटलं, हा जुनाच तोरा. प्रशांतचं काहीच याला कधी पटलं नाही, आता शेवटीही पटत नाही. रविवारी मी गेलो तेव्हा त्या वैतागलेल्या होत्या. "भाऊजी, तुम्हीच बघा. पशानं जीव लावून बसवलीत. याच्या हट्टापायी मी त्याला काय सांगू, की उचल आणि फेकून दे? दवाखान्याची वेळ दोनदा चुकवली यानं." प्रशांत दारापाशी उभा होता. "न्हाई आवडली तर तसं सांगा दाजी. पर औषधपाणी कशापायी सोडता?"

मला पौडचं टेबल आठवलं, पण अर्धवट. मी ओला ठसा, रेषा वगैरे सांगू लागलो. प्रशांतनं मध्येच थांबवलं, "नुसतं चाक बदललं म्हणून गाडीचं डिझाईन बदलतंय व्हय?" याचं उत्तर ज्याच्याकडे होतं तो समोर पडून होता आणि त्याला हो आणि नाही एवढंच म्हणता येत होतं. मग मी बातमीदारीत जे करत आलो तेच केलं. त्याच्याजवळ बसून एकेक प्रश्न विचारला.

"टायर बाहेर आला, म्हणून रेषा ठशाच्या आतल्या अंगाला गेली?" नजर वर.

"म्हणजे आता फुटला तर गाडी सावरणार नाही, ओढत नेईल?" नजर वर.

"तुला गाडीत बसायची भीती वाटते?" डोळे बंद. मी पुन्हा विचारलं. पुन्हा बंद.

मग मी विचारलं, "वहिनी एकट्या असताना?"

त्यानं नजर वर केली आणि खाली आणलीच नाही. पापण्या थरथरत होत्या, तरी डोळे वरच. वहिनी तक्ता छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी तो कॉटवर ठेवला आणि भावाकडे वळल्या.

"पशा, जुनी चाकं कुठायत?"

"टायरवाल्याच्या दुकानातच ठिवलीत."

"घेऊन ये."

"आत्ता?"

"मग कवा, मी घाटात गेल्यावर?"

संध्याकाळच्या आत मूळची चाकं परत बसली. प्रशांतनं खाली नेऊन दाखवली, या वेळी हार नव्हता. मिलिंदनं चाकाकडे पाहिलं, मग प्रशांतकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. पुढच्या तपासणीला तो गाडीतून गेला. नंतर छातीत कफ साठत गेला आणि काही आठवड्यांनी तो गेला.

त्या गाडीचा टायर आजवर फुटलेला नाही. कदाचित कधी फुटणारही नाही. मिलिंदचं म्हणणं बरोबर होतं याचा पुरावा त्या घरात कुणाकडे नाही, आणि तो मिळू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे.

परवा भुकूमला गेलो होतो. वहिनींची गाडी सर्व्हिसिंगला दिलेली, म्हणून प्रशांत त्यांना शाळेत सोडायला आला होता. त्याची नवी गाडी पार्किंगमध्ये उभी होती. वहिनी दार न उघडता पुढच्या चाकापाशी वाकल्या. तळहात मडगार्डवर सपाट ठेवून त्यांनी तो सरळ खाली आणला. अनोळखी गाडीत बसण्याआधी मिलिंद हेच करत असे, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्यांनासुद्धा. वहिनींचा हात खाली येता येता टायरच्या कडेला अडला.

"पशा, हिच्यात मी न्हाई बसणार."

"ताई, आता तू पण?" प्रशांत म्हणाला. "उशीर होतोय, शाळा भरंल."

"भरू दे."

प्रशांत किल्ली बोटात फिरवत राहिला. वहिनी टायरवरचा हात न काढता तशाच वाकून उभ्या होत्या.