नको म्हटलं की पुढे जातात

नवऱ्याला भेटायला पाहुणी म्हणून जावं लागेल, असं लग्नात मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तेही झालं.

निवृत्तीनंतर आमचे हे काटोलच्या पुढे, नरखेड तालुक्यातल्या एका साधना केंद्रात आठवड्याच्या शिबिराला गेले. आठवडा संपला आणि फोन आला. "इथं सेवेले माणसं कमी आहेत. राहू का वं अजून थोडे दिवस?" मी म्हटलं, "राहा की. माझं काय अडून राहिलं?" ते राहिले. पावसाळा गेला. दिवाळीला पाहुण्यासारखे येऊन गेले. शहरात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटीपुरता स्वयंपाक करायला शिकले. शिकले म्हणजे काय, भात रोज उरतोच.

मग थंडीत मीच गेले. यांना घेऊनच यायचं, हे ठरवून गेले. फक्त ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. मला बघून त्यांचं त्यांनाच कळावं, अशी माझी योजना होती.

एसटीतून उतरलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधून मातीचा रस्ता आणि शेवटी केंद्राचं फाटक. कार्यालयातल्या काकांनी माझा मोबाईल कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि नियम सांगितले. बायकांची खोली इकडे, पुरुषांची तिकडे. अंथरुणावरची चादर आपली आपण धुवायची. जेवलेलं ताट आपण घासायचं. सकाळी घंटा झाली की ध्यानाला यायचं, मग वाट्याला येईल ती सेवा. आज संध्याकाळच्या प्रार्थनेपासून उद्या दुपारच्या जेवणापर्यंत मौन. मी म्हटलं, "माझे मिस्टर इथंच सेवेत आहेत." काका हसून म्हणाले, "हो ना. मौन सुटलं का भेटा मग आरामात." एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकून कसं वाटावं, ते त्या काकांना काय ठाऊक.

संध्याकाळी पंगत बसली. शंभरेक माणसं आणि आवाज फक्त ताटल्यांचा. वाढायला हे आले. पांढरा कुडता, बारीक कापलेले केस, हातात शिऱ्याची बादली. वाळले होते. मी ताटाकडे बघत बसले.

यांचं वाढणं म्हणजे आमच्या नात्यागोत्यात गाजलेलं. कुणाचंही लग्न असो, बुंदी यांच्याच हातात द्यायचे. पाहुणा पानावर आडवा होऊन 'नको, नको' करायचा आणि हे त्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचे. "अशी कशी नको? पोरीवाल्याले नाराज करून जाता का गा?" माणसं वैतागायची आणि पुढच्या लग्नात यांच्याच ओळीत येऊन बसायची. घरीही तसंच. मी कधी स्वतःहून दुसरी पोळी घेतली असेल तर शपथ. ती यांनीच वाढायची, मी आधी नाही म्हणायचं, मग त्यांनी रागवायचं. आमच्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. ती नुसती रीत असते.

त्यामुळे हे माझ्यासमोर आले तेव्हा सवयीने मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं पाहिलं, डोळे हसले सुद्धा. आणि बादली घेऊन शेजारणीकडे गेले. वरणाच्या वेळी तेच झालं, भाताच्या वेळीही तेच. मी आपली हात धरून बसले, आता तरी म्हणतील, आता तरी. पहिल्यांदा वाढलेल्या एका पोळीवर आणि भाजीवर मी उठले.

खोलीत माझ्यासोबत आमच्याच शहरातली, जरीपटक्याची एक बाई होती, नेहमी येणारी. तिने माझा चेहरा पाहिला, उशीखालून बिस्किटांचा पुडा काढला आणि न बोलता माझ्यापुढे धरला. मी नको म्हणून मान हलवली. तिने कपाळाला हात लावला आणि पुडा माझ्या मांडीवर टाकून दिला. मग मी चांगला अर्धा पुडा खाल्ला.

सकाळी ध्यानात डोळे मिटायचे होते. मी उघडे ठेवले. पुरुषांच्या बाजूला पुढून दुसऱ्या रांगेत यांची पाठ दिसत होती, ताठ, हलत नव्हती. घरी हा माणूस पाच मिनिटं एका जागी बसला नाही. त्या पाठीवर हात ठेवावा असं इतकं वाटलं, की मी स्वतःचेच हात मांडीखाली घेऊन बसले. नंतर मेथी निवडायची सेवा आली. मेथी निवडता निवडता मनाशी म्हटलं, बाई, उपाशी राहायला आलीस का इतक्या दूर?

दुपारच्या पंगतीत हे वाढायला आले तेव्हा मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. पाहिजे, याची तिथली ती खूण. यांनी दोन पळ्या वरण वाढलं, थांबले, आणि तिसरी वाढली.

मौन सुटलं. आम्ही बागेच्या कुंपणाजवळ बाकावर बसलो.

"वाळली वं तू," हे म्हणाले.

"काल तुम्ही वाढलंच नाही मले."

"तू नको म्हटलं."

"काहून म्हटलं ते तुम्हाले नाही समजत?"

"समजते ना. पण इथं एकदाच विचारतात. नको म्हटलं का पुढे जायचं. पहिले पहिले मले लय जड गेलं. आता सवय झाली."

 मग जे तोंडाने म्हणायचं नव्हतं ते म्हटलं. "घरी चला. मले करमत नाही तुमच्याशिवाय."

यांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मी फोन केला होता, राहू का म्हणून. मले राहायचं नव्हतं वं. मले वाटलं, तू रागावशील, म्हणशील, काही राहायचं नाही, उद्याच्या उद्या या. तू म्हटलं, राहा."

"ते तर मी असंच म्हटलं."

"मीही असंच विचारलं होतं."

स्वयंपाकघराची घंटा झाली. हे उठले, पण गेले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मघा जे म्हटलं, ते अजून एकदा म्हण."

मी म्हटलं.

माझी पिशवी घेऊन ते रस्त्यापर्यंत आले. एसटी आली, मी चढले. ते खालीच राहिले. सेवेकऱ्यांना संध्याकाळी थोडा वेळ मोबाईल मिळतो. तेव्हा त्यांचा फोन येतो आणि मी म्हणते, घरी या. पलीकडून ते म्हणतात, "अजून एकदा म्हण." मी रोज म्हणते. आग्रह करून वाढायची पाळी आता माझी आहे.