नुसतं धरायचं

बाईनं माझ्या कडेवरून लेकरू घेतलं तसा सैपाकघरातून तिच्या सासूचा आवाज आला, "आधी त्याच्यावर पाणी घाल. मग माझ्या मांडीवर दे."

बाईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. न्हाणीत गेली, लेकराचं झबलं काढलं आन् डोक्यावरून दोन तांबे ओतले. वर्षाचं लेकरू ते. सकाळीच मी त्याला न्हाऊ घातलं होतं, पावडर लावली होती, टोपडं बांधलं होतं. लेकरू दम कोंडून रडलं. रडता रडता बाईच्या खांद्यावरून माझ्याकडं हात करून राहिलं. मी न्हाणीच्या दाराशी उभी. पुढं होऊन घ्यावं तर पुन्हा तांब्या. म्हणून मीच मागं सरकले.

ते पाणी बी मीच आणलेलं होतं. दुष्काळाचं साल. लातुरात टँकर आला की गल्लीत बायांची झुंबड उडायची. वापरायचं पाणी मी घागरीनं आणायची, प्यायचं साहेबाचा शिपाई आणायचा. प्यायला माझा हात चालत न्हव्हता. माझा इटाळ धुवायला मात्र माझंच पाणी चालत होतं. हे कळत तर रोजच होतं, पण त्या दिवशी पोटात गेलं.

तो आईतवार होता. सोमवार ते शनिवार त्या लेकराला माझा इटाळ होत न्हव्हता. माझ्या कडेवर ते जेवायचं, माझ्या पदरात झोपायचं, माझ्या बोटाला धरून उभं राहायला शिकलं. बाई कालेजात शिकवायला जायची, साहेब हापिसात, म्हातारी आपल्या खोलीत माळ घेऊन बसायची, लेकराला बोलावायचीच न्हाई. आईतवारी सगळे ताटावर बसायचे. मंग आजीच्या मांडीवर नातू पाहिजे. मंग तांब्या.

मी त्या घरी कशी गेले ते सांगते.

नवऱ्यानं मला टाकलं तवा सुमी माझ्या पोटात होती. अहमदपूरजवळ माझं माहेर. बौद्धवाड्यात दोन खोल्या, जमीन न्हाई. सुमी झाली आन् पाठोपाठ पावसानं दडी मारली. शेतातलं काम बंद. माय रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडायला जायची. तिकडं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला बाहेरगावचे साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या, लेकरं आली आन् लेकरं सांभाळायला बाया पाहिजे झाल्या. गावातल्या मास्तरानं मला ठिकाण सांगितलं. मायला वाटलं, उन्हात खडी फोडण्यापरीस सावलीतलं काम बरं. मलाबी तसंच वाटलं.

बाई वेताच्या खुर्चीवर बसली होती, मी खाली. नाव इचारलं, गाव इचारलं. आडनाव सांगितलं तशी तिनं आतल्या दाराकडं बघितलं. मंग म्हणली की ती स्वतः असलं काही मानत न्हाई, पण घरात सासूबाई आहेत, तर मी आपलं सांभाळून राहावं. पगार साठ रुपये. दोन टाइम जेवण, व्हरांड्यात झोपायचं. महिन्यातून एक दिवस गावी, तोबी मधल्या वारी. आन् माझं लेकरू आणायचं न्हाई, लक्ष तिकडं जातं. सुमी तवा चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी.

मी लई हिंमत करून एकच इचारलं, "आन् आईतवारी?"

"रविवारी काय काम असतं गं? शनिवारी दुपारपासून आम्ही सगळे घरीच असतो. नुसतं धरायचं."

मी मान हलवली. आजबी त्या मानेची मला चीड येती. कुणी बळजबरी केली न्हव्हती. मला वाटलं, शिकलेली बाई हाय, खरंच सांगत असंल.

कसलं खरं. शनिवारी दुपारी साहेबाची स्कूटर वाजली की माझं खरं काम सुरू व्हायचं. पाहुणे यायचे, पत्त्यांचा डाव बसायचा, बाईला सिनेमाला जायचं असायचं. लेकरू पाहुण्यात गेलं की रडायचं, रडलं की माझ्याकडं. पहाटेपास्नं रातच्या निजानीजपर्यंत माझी कड रिकामी न्हाई. आईतवारी माझी भाकर दुपारी चारला, तीबी एका हातानं. अन् सोमवारी बाई मैत्रिणीला सांगायची की आमच्या बाईला रविवारी आरामच असतो. मी बाजूलाच उभी असायची, तिचंच लेकरू घेऊन.

पहिल्या पंधरा दिवसांत माझं दूध आटायला लागलं. व्हरांड्यात पडून मी दोन्ही हातांनी छाती दाबून धरायची. आत लेकरू रडलं की चोळी ओली व्हायची. माझी सुमी तिकडं, रडणारं लेकरू इकडं, अन् अंगाला काय कळतंय कुणाचं कोण रडून राहिलं. पुढं तेबी थांबलं. ते थांबलं त्याची मला लई भीती वाटली.

त्या दोन तांब्यांच्या आईतवारानंतर तीन दिवसांनी माझी गावची पाळी आली. याआधीच्या पाळीला बाईकडं पाहुणे होते म्हणून ती बुडाली होती. म्हणजे दोन महिने मी सुमीला बघितलं न्हव्हतं. अहमदपूरच्या स्टँडवर उतरले, सुमीला बिस्किटाचा पुडा घेतला आन् घरी न जाता नीट सडकेच्या कामावर गेले. माय तिथंच असणार, सुमीबी तिथंच.

पन्नासेक बाया उन्हात खडी फोडत होत्या. लिंबाच्या झाडाला लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या. झाडाखाली गयामाय बसली होती. आमच्याच वाड्यातली म्हातारी, पायांनी अधू. बायांची लेकरं तिच्यापाशी. एक मांडीवर, एक पाठीवर, बाकी धुळीत. मुकादम मस्टर घेऊन आला, नावं वाचायला लागला. खडीवाल्या बाया जागेवरून ओरडत होत्या, हजर, हजर. मंग त्यानं गयामायचं नाव घेतलं. म्हातारी झाडाखालून म्हणली, "हजर."

मला हसूच आलं. इचारलं, "गयामाय, तू तर बसून राहिलीस. तुला कशाची हजेरी?"

म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की माझं हसू जागीच मेलं. "बसून न्हाई राहिले ग. लेकरं धरून राहिले. तो मुकादमबी असाच हासला व्हता. त्याला म्हणलं, तू धर एक दिस, मंग सांग."

खडी फोडणारीएवढीच तिची हजेरी. सरकारचाच तसा कायदा हाय म्हणे, कामावर लेकरं असली की त्यांना धरायला एक बाई आन् तिला पुरी मजुरी. अंगठा उठवून हप्त्याला पैसे घ्यायची म्हातारी. दुष्काळात, झाडाखाली, पायांनी अधू बाईला जे कळलं होतं ते मला साहेबाच्या घरी राहून कळलं न्हव्हतं. लेकरू धरणं काम हाय.

मंग मी तिच्या मांडीवरच्या सुमीपुढं हात केले.

सुमीनं मला बघितलं. मान फिरवली. गयामायच्या गळ्याला मिठी मारली आन् किंचाळली. मी बिस्किट दाखवलं, नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या. जवळ ओढलं तसं तिनं माझ्या दंडाला चावा घेतला. माय खडी टाकून पळत आली, म्हणली, राहू दे, आत्ता येती, इसरली असंल. माझ्या लुगड्याला दुसऱ्याच लेकराच्या पावडरीचा वास येत होता. माझी लेक त्या वासाला भ्याली का मला, ते मला अजूनबी ठाऊक न्हाई.

रात्रभर ती मायजवळ झोपली. सकाळची पहिली एसटी धरून मी लातूरला गेले. बसमध्ये रडले न्हाई. डोक्यात एकच शब्द फिरून राहिला होता, हजर.

पुढचा आईतवार आला. तसंच सगळं. पाहुणे, ताटं, आधी लेकरावर पाणी, मंग म्हातारीची मांडी. जेवणं झाल्यावर लेकरू किरकिर करायला लागलं. बाईनं बाहेर आणलं आन् माझ्यापुढं केलं. "अगं, धर जरा ह्याला."

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

म्हणलं, "बाई, आज आईतवार हाय. आईतवारची हजेरी ठरवा, सुट्टीचा दुसरा वार ठरवा, मंग धरते."

बाईला आधी कळलंच न्हाई. मंग ती हसली, पाहुणेबी हसले. "हजेरी? हे काय रोजगार हमीचं काम आहे?"

"तिथं लेकरं धरणारीला हजेरी लागती."

साहेब पेपर खाली ठेवून बघायला लागला. बाईचा चेहरा पडला. ती पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणली की बघा, हिला आम्ही घरच्यासारखी ठेवली. ते ऐकलं आन् माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. इतक्या दिवसांचं बोलणं एका दमात आलं.

"घरचीनं हात लावला तर लेकराला धुवत न्हाईत, बाई."

आतून म्हातारीचा माळ ओढायचा आवाज तेवढा येत होता. मंग साहेब म्हणला, जायचं असेल तर जा, बाया पुष्कळ मिळतात.

हे सगळं मी ताठ मानेनं सांगू शकते. पुढचं सांगताना जीभ जड होती. हे सगळं चालू असताना लेकरू माझ्याकडं हात करून होतं. त्याला वाटलं मी खेळून राहिले. आधी हसलं. मंग ओठ काढला. मंग रडलं, लाल झालं, पार निळं पडेस्तोवर रडलं, आन् त्याचे हात माझ्याकडंच. मी माझे हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून ठेवले. एकदा घेतलं असतं तर मी पुन्हा कधी सोडू शकले नसते. त्या लेकराचा काय गुन्हा? त्याला ना आईतवार ठाऊक, ना इटाळ. मी व्हरांड्यातून गाठोडं उचललं, फाटकाबाहेर पडले. गल्लीच्या तोंडापर्यंत ते रडणं माझ्या पाठीमागं येत होतं.

तीस वर्षं झाली. आईतवारी दुपारी घर शांत झालं की ते हात मला दिसतात. कधी ते लेकरू असतं, कधी सुमी. दोघांचे हात सारखेच. एकाला मी घेतलं न्हाई, एक माझ्याकडं आली न्हाई.

त्यानंतर मी सडकेवर खडी फोडली, सुमीला डोळ्यांपुढं ठेवून. तिला माझी ओळख पटायला चार महिने लागले. पुढं नांदेडला आले, एका वसतिगृहात भांडी घासली, पोळ्या लाटल्या, सुमीला शिकवलं. प्रौढांच्या वर्गात जाऊन मीबी अक्षरं गिरवली. सुमी नर्स झाली, आता तिच्या घरी मी राहते. तिला आठ महिन्यांचा पोरगा. माझी कंबर गेलेली, डागदरानं मला वजन उचलू नको म्हणून सांगितलंय. सुमीची ड्युटी शनिवार-रविवारचीबी असती, जावई फिरतीवर. म्हणून मागच्या महिन्यात पोराला सांभाळायला बाई बघितली. उमरीकडची, बावीस-तेवीसची. अंग चोरून फरशीवर बसली. सुमीनं तिला खुर्ची दिली, चहा दिला, आपण पितो त्याच कपात. मला बरं वाटलं. मी आतल्या खोलीत पोराला मांडीवर घेऊन ऐकत होते.

सुमी बोलायला लई गोड हाय. पगार सांगितला, येण्याजाण्याची वेळ सांगितली. पोरगी हळूच म्हणली, "ताई, आन् आईतवारी?"

माझी लेक हसून म्हणली, "आईतवारी काय जास्त नसतं गं. माय असतेच घरी. नुसतं धरायचं."

तेच शब्द. त्या बाईनं वेताच्या खुर्चीवरून टाकलेले, माझ्या लेकीच्या तोंडात. ती पोरगी आता मान हलवणार, मला ठाऊक होतं. माझी मान मला ठाऊक न्हाई का.

मी पोराला गादीवर ठेवलं आन् भिंतीला धरून बाहेर गेले. म्हणलं, "सुमे, वही आण."

"कामून? मी काय तिला कमी देऊन राहिले का, माय?"

"कमी-जास्त मागून. आधी आईतवार लिही. आन् तिला इचार, तिचं लेकरू कुठं हाय."

पोरगीनं झटकन वर बघितलं. म्हणली, दीड वर्षाची हाय, सासूपाशी ठेवून आले, इथं चालत नसंल म्हणून सांगितलं न्हाई.

सुमी चिडली. म्हणली मी तिला अनोळखी बाईपुढं खाली बघायला लावलं, ती काय त्या लातूरच्या बाईसारखी हाय का. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण मी गप्प बसले न्हाई. म्हणलं, न्हाईस तू तिच्यासारखी, म्हणूनच लिही. ती पेन घेऊन बसून राहिली. लिहीना. आत पोरगा जागा झाला, रडायला लागला. उमरीची पोरगी सवयीनं उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणलं, बस. आत्ता धरू नको.

रडू दे त्याला. माझा नातू हाय, माझंच काळीज तुटून राहिलंय, तरी रडू दे. कागद होईस्तोवर ह्या घरात कुणी त्याला फुकट धरणार न्हाई.

मी सुमीच्या हातातून पेन घेतलं. माझं अक्षर वाकडं हाय, लिहायला येळ लागतो. तेवढा येळ पोरगा रडला. मी लिहिलं: शनिवार, आईतवार, पुरी हजेरी. बुधवार सुट्टी. लेकरू धरणं काम हाय. तिनं आपलं लेकरू संगं आणायचं.

मंग वही सुमीपुढं सरकवली आन् म्हणलं, "सही कर."