सोनगीरपर्यंत ऐकू येणारे मामा

रेडिओचा शोध कोणी लावला, हा प्रश्न आमच्या हिच्या थोरल्या मामांसमोर चुकूनही काढू नये. शोध कोणी का लावेना, त्यात आवाज आपणच घातला अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. शिरपूर रस्त्यावरच्या आमच्या गावात एका संस्थेने दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र काढलं, त्या दिवसापासून मामा तिथले निवेदक, वार्ताहर आणि वेळ पडली तर झाडूवालेही. केंद्र सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत ऐकू यायचं, पुढे नुसती खरखर. मामांच्या मते किल्ला बांधणाऱ्याचंच तिथे चुकलं.

केंद्राचा इतिहास ते जेवताना सांगतात, त्यामुळे जेवण लांबतं. उद्घाटनाला पाहुणे चाळीस मिनिटं बोलले आणि मग कळलं, की माइक बंदच होता. "म्हणून तर उद्घाटन निर्विघ्न पार पडलं, जावईबापू." एकदा घरून निघताना मामींना विहिरीची मोटर बंद करायला सांगायचं राहिलं. मामांनी कापसाचे भाव वाचता वाचता तेही सांगून टाकलं, "मोटर बंद करा, टाकी भरली." पंचक्रोशीला वाटलं, सरकारी सूचना आहे. भराभर मोटरी बंद झाल्या. चालू राहिली ती एकट्या मामींची, कारण नवऱ्याचं घरी ऐकावं लागतं तेवढं पुरे म्हणून त्या रेडिओ लावतच नसत.

पंगतीत "आता सादर होत आहे वांग्याचं भरीत" असं म्हटल्याशिवाय मामा पानाला हात लावत नाहीत. देवपुरात एका घरी सांत्वनाला गेले, तिथल्या काकूंचं रडणं ऐन भरात असताना घड्याळ बघून म्हणाले, "वेळेअभावी इथेच थांबू या." काकू खरंच थांबल्या.

गेल्या वर्षी नव्या व्यवस्थापकांनी मामांचा संध्याकाळचा अहिराणी कार्यक्रम बंद करायचं काढलं. गाणी संगणक लावील, तुम्हाला ऐकतं कोण, असं त्यांनी तोंडावर विचारलं. आठ दिवसांत श्रोता हजर करतो, असं सांगून मामांनी मला फटफटीवर मागे बसवलं आणि गावं पालथी घातली. लोक ओळखायचे. "आबा, तुमना आवाज भारी शे," म्हणायचे आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायचे. हल्ली रेडिओ ऐकता का, म्हटलं की हसायचे. मामा दिवसेंदिवस गप्प होत गेले. गप्प बसलेले मामा मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

सातव्या दिवशी सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या अक्कांच्या गोठ्यात खुंटीला रेडिओ दिसला. मामांचा आवाज ऐकताच अक्का उठून उभ्या राहिल्या. "तुमना आवाज कानवर पडना तं मन्ही म्हैस पान्हा सोडस," त्या म्हणाल्या, "नही तं लाथ मारस." मामांनी म्हशीला हात जोडले.

व्यवस्थापकांना एकट्या अक्का पुरल्या नाहीत आणि म्हैस त्यांनी श्रोत्यांत धरली नाही. कार्यक्रम बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून मामा ठरल्या वेळी त्या गोठ्यात उभे राहू लागले. स्टुडिओतल्यासारखे डोळे मिटून भाव, हवामान, एक ओवी, सगळं साग्रसंगीत. अक्का बादली घेऊन म्हशीपाशी बसतात. परवा मीही गेलो होतो. कार्यक्रम संपवून मामा हातपाय धुवायला गेले तेव्हा मला दिसलं, बादली कोरडी होती.

"म्हैस आटी गयी, दोन महिना व्हयनात," अक्का हळूच म्हणाल्या. "त्यासले सांगू नका, भाऊ. आबा येतस, माले बरं वाटस."

मामांच्या चहाचं दूध त्या शेजारून मागून आणतात. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढ्यात मामा हात पुसत आले.

"अक्का, आज दूध कसं काय?"

"भरपूर शे, आबा," अक्का म्हणाल्या. "उद्या टाइमवर या."